रसिक, आयोजक आणि उंबरठा : वॉशिंग्टनमधील स्वतंत्र रॉकचा एक अध्याय (१९७९–२००२)

१

कलाकृती आणि तिचा ग्राहक यांच्यातील संबंधाचा प्रश्न आधुनिक समीक्षेने ऐरणीवर आणला, त्याला आता बराच काळ लोटला आहे. हान्स रॉबर्ट याउस यांनी १९६७ साली कॉन्स्टान्झ येथे दिलेल्या व्याख्यानानंतर ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही संकल्पना आपल्याकडील पदव्युत्तर वर्गांतही रुळली. तथापि या मांडणीतील वाचक बहुधा कृती सिद्ध झाल्यानंतर अवतरतो. कृती त्याच्यापुढे कशी येते, कोणत्या जागी आणि किती मोल देऊन येते, ज्याला ती मिळत नाही तो कोणामुळे वंचित राहतो, हे प्रश्न ग्रंथव्यवहाराच्या किंवा समाजशास्त्राच्या खात्यावर टाकले जातात. प्रयोगरूप कलांच्या बाबतीत अशी वाटणी टिकत नाही. तेथे जागा ठरली नाही, भाडे भरले गेले नाही, तर कृतीच अस्तित्वात येत नाही.

रॉक संगीताच्या अभ्यासातही ही उणीव जाणवते. डिक हेब्डिज यांच्या ‘सबकल्चर : द मीनिंग ऑफ स्टाइल’ (१९७९) या ग्रंथाने पंक तरुणांचा पोशाख, केशरचना आणि अंगावरील वस्तू यांचे चिन्हमीमांसेच्या अंगाने वाचन केले आणि उपसंस्कृतीच्या अभ्यासाला परिभाषा दिली. मायकेल अझेराड यांच्या ‘अवर बँड कुड बी युअर लाइफ’ (२००१) या ग्रंथात अमेरिकेतील स्वतंत्र रॉकचा इतिहास तेरा बँडांच्या तेरा प्रकरणांत विभागला आहे. दोन्ही ग्रंथांचे मोल वादातीत आहे. परंतु पहिल्यात रसिक हा मुख्यतः चिन्हे वागवणारा देह आहे, आणि दुसऱ्यात तो नायकांभोवतीचा समुदाय आहे. सभागृह ठरवणारा, भिंतींवर पत्रके डकवणारा, दाराशी टेबल टाकून पैसे घेणारा रसिक दोन्हीकडे बहुतांशी कडेलाच राहतो.

प्रस्तुत लेखात वॉशिंग्टन शहरातील एका प्रकरणाच्या आधारे या रसिकाला मध्यभागी आणून पाहण्याचा प्रयत्न आहे. स्वतंत्र रॉक याचा अर्थ येथे मोठ्या ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या भांडवलाबाहेर राहून निर्माण झालेले आणि वितरित झालेले संगीत असा घेतला आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या चळवळीत प्रवेशाच्या अटी, म्हणजे वय, दर आणि जागा, या कलाकृतीच्या बाहेरच्या व्यवस्था राहिल्या नाहीत, त्या तिच्या अर्थाचा भाग बनल्या. त्या अटी ठरवणारा रसिक हा म्हणूनच सहकर्ता ठरतो. मात्र या सहकर्तेपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा लागतो.

२

या इतिहासाचा आरंभ एका नभोवाणी केंद्राच्या बंद पडण्यात आहे. जॉर्जटाउन विद्यापीठाचे डब्ल्यूजीटीबी हे केंद्र रूढ व्यापारी केंद्रांवर न ऐकू येणारे संगीत आणि डावा राजकीय विचार यांसाठी ओळखले जाई. विद्यापीठाने १९७९ साली त्याची ध्वनिलहर एका डॉलरच्या नाममात्र मोबदल्यात दुसऱ्या विद्यापीठाला देऊन टाकली. केंद्राच्या साहाय्यार्थ त्याच वर्षाच्या आरंभी विद्यापीठाच्या ‘हॉल ऑफ नेशन्स’मध्ये ‘द क्रॅम्प्स’ या बँडचा कार्यक्रम झाला. पुढे वॉशिंग्टनच्या पंक संगीतात ज्यांची नावे झाली त्यांपैकी अनेक जण त्या गर्दीत होते आणि बरेचसे शाळकरी वयाचे होते. इयन मकाय हे त्यांपैकी एक. व्यापारी मद्यालयाऐवजी शिक्षणसंस्थेचे सभागृह, आणि करमणुकीच्या धंद्याऐवजी एखाद्या कार्याला मदत, ही दोन्ही सूत्रे या पहिल्या अनुभवातच एकत्र आलेली दिसतात.

शहरात आदर्शही उपलब्ध होता. ‘बॅड ब्रेन्स’ या चार कृष्णवर्णीय वादकांच्या बँडने जॅझ-फ्यूजनकडून पंककडे वळून जो वेग आणि जी नेमकेपणाची शिस्त आणली, तिच्यापुढे इतर बँड नवशिके वाटत. ‘हार्डकोर’ म्हणून पुढे ओळखल्या गेलेल्या शैलीचा पाया त्यांनी घातला. विल्सन हायस्कूलमधील मुलांनी काढलेला ‘टीन आयडल्स’ हा बँड याच काळातला.

१९८० च्या उन्हाळ्यात टीन आयडल्सची मंडळी बसने कॅलिफोर्नियाला गेली. सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘मबुहाय गार्डन्स’ येथे मद्यपानाच्या वयाचा प्रश्न आला, तेव्हा व्यवस्थापनाने त्यांच्या हातांच्या पाठीवर काळ्या शाईने मोठी फुली काढून त्यांना आत घेतले. फुली पाहिली की मद्य द्यायचे नाही, एवढाच तिचा अर्थ. परतल्यावर त्यांनी हीच तोड वॉशिंग्टनच्या ‘९:३० क्लब’पुढे ठेवली. अमेरिकेत रॉक संगीताची बैठक प्रामुख्याने मद्यविक्रीच्या अर्थशास्त्रावर उभी होती. तिकिटापेक्षा मद्यावरील नफा महत्त्वाचा असल्याने, जो पिऊ शकत नाही तो ग्राहक दाराशी नकोसा होई. १९८४ च्या केंद्रीय कायद्याने राज्यांच्या महामार्ग-निधीशी सांगड घालून मद्यपानाचे किमान वय सर्वत्र एकवीस करायला लावले, आणि सोळा-सतरा वर्षांच्या श्रोत्याची अडचण आणखी वाढली. याचा परिणाम असा की, जे संगीत त्या वयाची मुले निर्माण करीत होती, ते ऐकण्याचा अधिकार त्याच वयाच्या मुलांना नव्हता.

फुलीचा पुढचा प्रवास चिन्हमीमांसकाला रोचक वाटावा असा आहे. मनाईची खूण म्हणून काढलेली फुली मुलांनी आपणहून मिरवायला सुरुवात केली. मकाय यांच्या ‘मायनर थ्रेट’ या बँडच्या १९८१ मधील ‘स्ट्रेट एज’ या गीताने व्यसनमुक्त राहण्याला एक नाव दिले आणि फुली त्या वृत्तीचे प्रतीक बनली. पुढे अनेक ठिकाणी तिने पंथाचे आणि क्वचित दंडेलीचेही रूप घेतले. हेब्डिज यांच्या पद्धतीने पाहिल्यास हे एका चिन्हाचे अर्थांतर आहे. पण त्याआधीची पायरी नजरेआड होऊ नये. ही फुली मुळात एक प्रशासकीय तोडगा होता, आणि तो लहान वयाच्या श्रोत्यांनी स्वतः मागून आणला होता. शैलीच्या आधी येथे वाटाघाट आहे.

३

टीन आयडल्स १९८० च्या अखेरीस फुटला, तेव्हा त्यांच्या सिगारच्या पेटीत कार्यक्रमांतून जमलेले सुमारे सहाशे डॉलर होते. ते वाटून घेण्याऐवजी आपल्या गाण्यांची तबकडी काढावी असे त्यांनी ठरवले. त्यातून ‘डिसकॉर्ड रेकॉर्ड्स’ ही संस्था उभी राहिली. ‘मायनर डिस्टर्बन्स’ ही सात इंची तबकडी एक हजार प्रतींत निघाली. दुसऱ्या एका तबकडीचे वेष्टन उलगडून त्यांनी आकार समजून घेतला, आणि छापून आणलेली वेष्टने घरी बसून कापली, दुमडली, चिकटवली. ध्वनिमुद्रण डॉन झिएन्टारा यांच्या आर्लिंग्टनमधील घरगुती ‘इनर इअर’ स्टुडिओत झाले होते.

तंत्रज्ञानाच्या या लोकशाहीकरणाला ब्रिटनमध्ये पूर्वपीठिका होती. १९७७ मध्ये ‘साइडबर्न्स’ या पत्रिकेत गिटारच्या तीन स्वरमेळांच्या आकृत्या छापून त्यांखाली वाचकाला बँड काढण्याचे आवाहन केले होते. रसिकांनी रसिकांसाठी काढलेल्या अशा पत्रिकांना ‘फॅनझीन’ म्हणतात. हे चित्र पुष्कळदा ‘स्निफिन ग्लू’ या अधिक प्रसिद्ध पत्रिकेच्या नावावर खपवले जाते. ही चूक बोलकी आहे. ज्या वाङ्मयाने कर्तृत्वाची मिरास मोडू पाहिली, त्याच्याविषयी लिहितानाही इतिहासकार श्रेय प्रसिद्ध नावाकडे सरकवतात.

फॅनझीनइतकाच महत्त्वाचा, पण अधिक दुर्लक्षित लेखनप्रकार म्हणजे कार्यक्रमाचे पत्रक. झेरॉक्सवर काढलेले, कात्रणे चिकटवून केलेले हे एकपानी पत्रक तारेच्या खांबांवर आणि तबकड्यांच्या दुकानांत लागे. त्यावर बँडांची नावे, तारीख आणि जागा यांच्या बरोबरीने दोन मजकूर ठसठशीतपणे येत. एक म्हणजे सर्व वयांना प्रवेश असल्याची सूचना आणि दुसरा प्रवेशाचा दर. जेरार जेनेत यांनी १९८७ साली ग्रंथाभोवतीच्या मजकुराचा, म्हणजे शीर्षक, प्रस्तावना, मुखपृष्ठ आदींचा विचार करताना त्या पुस्तकाला ‘उंबरठे’ या अर्थाचेच नाव दिले होते. वाचक कृतीत शिरतो तो या उंबरठ्यांवरून. पंक कार्यक्रमाच्या पत्रकाला ही संकल्पना शब्दशः लागू पडते, कारण ते खरोखरीच्या दाराविषयी बोलते. मात्र जेनेत यांच्या विवेचनात उंबरठा हा प्राधान्याने लेखक आणि प्रकाशक यांच्या अखत्यारीतला असतो. येथे तो रसिक बांधतो.

४

१९८३-८४ पर्यंत या चळवळीला ओहोटी लागली. कार्यक्रमांतील धक्काबुक्कीला मारामारीचे स्वरूप आले, आणि ज्यांनी चळवळ सुरू केली तेच तिच्यापासून दूर राहू लागले. यावर उपाय म्हणून १९८५ मध्ये जो प्रयत्न झाला त्याला ‘रेव्होल्यूशन समर’ म्हणतात. त्याची सुरुवात शहराच्या एका युवक-कार्यालयात काम करणाऱ्या तरुणीने परिचितांना पाठवलेल्या निनावी चिठ्ठ्यांतून झाली. ‘राइट्स ऑफ स्प्रिंग’, ‘एम्ब्रेस’, ‘बीफईटर’ हे बँड या उन्हाळ्यातले. त्यांच्या संगीतात आत्मपरतेचा नवा सूर आला हे समीक्षकांनी नोंदवले आहे. पण त्याच उन्हाळ्यात, जूनमध्ये, दक्षिण आफ्रिकेच्या दूतावासासमोर वर्णभेदाविरुद्ध डबे-ढोल बडवून निदर्शने झाली, आणि त्याच वर्षी ‘पॉझिटिव्ह फोर्स’ ही स्वयंसेवी संघटना स्थापन झाली, हे त्या सुरापासून वेगळे काढता येत नाही.

पॉझिटिव्ह फोर्सचे काम समजून घ्यायचे तर कार्यक्रमाची जुळणी पाहिली पाहिजे. चर्चचे तळघर किंवा समाजमंदिर भाड्याने घ्यायचे, ध्वनिवर्धक यंत्रणा आणायची, पत्रके काढायची, दाराशी आणि आत स्वयंसेवक उभे करायचे, नंतर सभागृह झाडून परत द्यायचे, आणि खर्च वजा जाता उरलेले पैसे निवारागृहाला, दवाखान्याला किंवा एखाद्या आंदोलनाला द्यायचे. मद्यविक्री नसल्याने वयाची अट नाही. व्यावसायिक आयोजक मध्ये नसल्याने दर कमी. दर कमी राहावा म्हणून श्रम विनामूल्य. या तिन्ही गोष्टी एकमेकींना धरून आहेत, त्यांतली एक काढली की उरलेल्या दोन ढासळतात.

‘फुगाझी’ या बँडने ही जुळणी स्वतःच्या सौंदर्यदृष्टीचा भाग बनवली. ३ सप्टेंबर १९८७ रोजी विल्सन सेंटरमध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. सर्व वयांना प्रवेश आणि शक्यतो पाच डॉलर दर हा त्यांनी नियम केला. वॉशिंग्टन शहरातले त्यांचे जवळजवळ सर्व कार्यक्रम कोणत्या तरी कार्याच्या साहाय्यार्थ, विनामूल्य किंवा निदर्शनांचा भाग म्हणून झाले. जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या तोंडावर राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानासमोरील लाफायेट उद्यानात झालेला कार्यक्रम हे त्याचे ठळक उदाहरण. श्रोत्यांतील कोणी इतरांना इजा करू लागल्यास वादन थांबवून त्याला समज दिली जाई. तरीही न ऐकल्यास पाच डॉलरचे पाकीट हाती देऊन त्याला बाहेर पाठवले जाई.

या पाकिटाचा अर्थ शिस्तीपुरता मर्यादित नाही. परतफेडीने व्यापारी करार संपुष्टात येतो. मी पैसे दिले आहेत म्हणून मला हवे तसे वागण्याचा अधिकार आहे, या ग्राहकाच्या युक्तिवादातील पहिले वाक्यच काढून घेतले जाते. उरते ती फक्त एकमेकांविषयीची जबाबदारी. वाल्टर बेंजामिन यांनी १९३४ च्या ‘लेखक : एक उत्पादक’ या निबंधात कृतीची राजकीय भूमिका काय आहे यापेक्षा उत्पादनसंबंधांत तिचे स्थान काय आहे, असा प्रश्न विचारला होता, आणि जी यंत्रणा अधिकाधिक ग्राहकांना उत्पादक बनवते तिला श्रेष्ठ मानले होते. त्या निकषावर पाच डॉलरचा दर हे फुगाझीच्या गीतांतील कोणत्याही राजकीय विधानाइतकेच महत्त्वाचे विधान ठरते.

५

येथपर्यंतचे विवेचन गौरवपर वाटण्याचा संभव आहे. म्हणून दारातून आत गेल्यावर जे दुसरे उंबरठे लागतात त्यांचाही विचार केला पाहिजे.

पहिला उंबरठा लिंगभेदाचा. सर्व वयांच्या श्रोत्यांना आत घेणाऱ्या सभागृहात मंचासमोरची जागा प्रत्यक्षात धक्काबुक्की सोसू शकणाऱ्या मुलग्यांची होती. मुली भिंतीलगत किंवा मित्रांचे कोट सांभाळत उभ्या राहत, ही तक्रार त्या काळच्या साक्षींतून पुनःपुन्हा येते. १९९१ च्या उन्हाळ्यात ‘बिकिनी किल’ आणि ‘ब्रॅटमोबाइल’ हे बँड वॉशिंग्टनमध्ये असताना ‘रायट गर्ल’ चळवळीच्या बैठका पॉझिटिव्ह फोर्सच्या घरात सुरू झाल्या. मुलींनी मंचासमोर यावे आणि मुलग्यांनी मागे सरकावे, ही त्यांची मागणी जागेच्या वाटपाची मागणी होती. आधीच्या पिढीने दाराविषयी जो प्रश्न विचारला तोच यांनी सभागृहाच्या जमिनीविषयी विचारला. त्याच नावाच्या छोट्या पत्रिकेतून लैंगिक अत्याचार, शरीर आणि शाळा यांविषयी जे आत्मपर लेखन झाले, ते स्त्रीवादी वाङ्मयाच्या इतिहासात आता गणले जाते.

दुसरा उंबरठा वर्णाचा. १९८० साली वॉशिंग्टनची सुमारे ७० टक्के वस्ती कृष्णवर्णीय होती. पंक श्रोते मात्र मुख्यतः गोरे आणि मध्यमवर्गीय होते. शहराचे स्वतःचे ‘गो-गो’ संगीत त्याच वर्षांत भरात होते. सप्टेंबर १९८३ मध्ये ‘ट्रबल फंक’ हा गो-गो बँड आणि मायनर थ्रेट एका मंचावर आले, तो मायनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम ठरला. असे संयोग झाले, पण अपवादानेच. ज्या शैलीचा पाया कृष्णवर्णीय वादकांनी घातला तिचा श्रोतृवर्ग त्या शहरात असा राहावा, याचे उत्तर केवळ सद्हेतूंत शोधून सापडणार नाही.

तिसरा उंबरठा श्रमाचा, आणि तो पहिल्या दोहोंना स्पष्ट करतो. दर पाच डॉलर राहतो तो कोणी तरी फुकट काम करते म्हणून. महिनोन्‌महिने फुकट काम करण्याइतका वेळ, राहायला घर, फोन आणि गाडी ज्याच्यापाशी आहे तोच आयोजक होऊ शकतो. स्वस्त प्रवेशाने श्रोत्यांचे दार उघडले, पण विनामूल्य श्रमाच्या अटीने आयोजकांचे दार अरुंद ठेवले. हा अंतर्विरोध व्यक्तींच्या प्रामाणिकपणाचा नाही, तो रचनेतच आहे. त्याची जाणीव न ठेवता ‘स्वतः करा’ या तत्त्वाचा गौरव केला, तर ज्यांना ते करणे परवडले नाही त्यांच्या अनुपस्थितीला आपण अनिच्छा समजू लागतो.

मराठी वाचकाला येथे आपल्या दोन चळवळी आठवणे स्वाभाविक आहे. सायक्लोस्टाइलवर निघालेल्या ‘शब्द’पासून १९६३ च्या ‘असो’पर्यंत आणि पुढेही लघुनियतकालिकांनी प्रकाशनाची साधने हाती घेतली. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात १९७४ पासून ‘आविष्कार’ने प्रायोगिक रंगभूमीला जागा दिली. वॉशिंग्टनच्या चळवळीशी या दोहोंचा प्रत्यक्ष संबंध नाही, आणि तो जोडण्याचे कारणही नाही. परंतु आपल्या समीक्षेने या चळवळींतील कवितांविषयी आणि नाट्यसंहितांविषयी जितके लिहिले त्या मानाने सभागृहाचे भाडे, अंकांचे वितरण, खुर्च्या मांडणारे हात यांविषयी फार थोडे लिहिले. ही माहिती आठवणींच्या लेखांत विखुरलेली आढळते, सैद्धान्तिक विवेचनात ती क्वचितच प्रवेश करते.

६

फुगाझीने आपला शेवटचा कार्यक्रम नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला केला आणि नंतर अनिश्चित काळासाठी थांबणे पसंत केले. त्यानंतरचा काळ संग्रहणाचा आहे. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक ग्रंथालयाने २०१४ मध्ये पंक संग्रह सुरू केला. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या फेल्स ग्रंथालयात रायट गर्लची कागदपत्रे जतन केली आहेत. मार्क अँडरसन आणि मार्क जेन्किन्स यांचा ‘डान्स ऑफ डेज’ (२००१) हा या शहराच्या पंकचा तपशीलवार इतिहास आहे. अँडरसन हे स्वतः पॉझिटिव्ह फोर्सचे सहसंस्थापक आहेत, म्हणजे येथे आयोजकच इतिहासकार झाला आहे. अशा ग्रंथाला साक्ष म्हणून जे मोल आहे ते मान्य करूनही, त्यातील आयोजकांविषयीचे निर्णय सावधपणे वाचावे लागतात.

संग्रहणाचा सर्वांत उद्बोधक नमुना मात्र खुद्द बँडने घालून दिला. २०११ च्या अखेरीपासून फुगाझीने आपल्या आठशेहून अधिक कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणे क्रमाने खुली केली. प्रत्येक नोंदीत तारीख आणि जागा यांच्याबरोबर, जेथे उपलब्ध आहे तेथे, दाराशी घेतलेला दर आणि उपस्थितांची संख्याही दिलेली असते. ग्रंथसूचीत पुस्तकाची किंमत असावी तशी ही नोंद वरवर दिसते. पण या लेखाच्या संदर्भात ती एक समीक्षात्मक भूमिका आहे. या कार्यक्रमात काय वाजले हे जाणून घेण्यासाठी तेथे कोणाला किती मोल देऊन येता आले हे माहीत असले पाहिजे, असे ती सुचवते.

जतन केलेले पत्रक काचेखाली सुरक्षित राहते, ते डकवण्याची व्यवस्था राहत नाही. वॉशिंग्टनच्या फोर्ट रिनो उद्यानात १९६८ पासून उन्हाळ्यात विनामूल्य कार्यक्रम होत आले. ज्या वर्षी ग्रंथालयाने पंक संग्रह सुरू केला त्याच २०१४ मध्ये पोलिस बंदोबस्ताच्या खर्चावरून ते रद्द होण्याची वेळ आली, आणि रसिकांनी आवाज उठवल्यावरच ते होऊ शकले. चळवळीच्या कागदपत्रांना प्रतिष्ठा मिळणे आणि तिच्या जागा धोक्यात येणे या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडू शकतात.

भारतीय काव्यशास्त्राला हा विचार परका वाटू नये. रसचर्चेच्या आधी, दुसऱ्याच अध्यायात, नाट्यशास्त्र प्रेक्षागृहाची मापे, त्याचे विकृष्ट, चतुरस्र आणि त्र्यस्र हे प्रकार आणि त्याची उभारणी सांगते. पुढच्या टीकापरंपरेने सहृदयाची संकल्पना अत्यंत सूक्ष्म केली, पण हळूहळू तो सहृदय सभागृहातून उठून निव्वळ चित्तवृत्तीत जाऊन बसला. स्वतंत्र रॉकचा हा अध्याय त्याला पुन्हा प्रेक्षागृहाच्या दाराशी आणतो. प्रयोगरूप कलेच्या अभ्यासकाने कृतीचे विश्लेषण करताना दर, वय, जागा आणि विनामूल्य श्रम या चार गोष्टींची नोंद प्रथम करावी, आणि तिचा अर्थ सांगताना ती नोंद समोर ठेवावी. कोण आत आले यावरून ती कृती कोणाची होती हे कळते. कोणाला येता आले नाही, हे तिच्या आशयाइतकेच काळजीपूर्वक वाचायला हवे.